बोटीवरच्या मंडळींना मी अवंती दाखवली

फ्रीगंज, उज्जैन
मार्गशीर्ष, डिसेंबर १९५६

तीर्थरूप दाजींचे सेवेशी,

यज्ञेश्वरचा उज्जैनहून साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेस शब्दशः घ्यावा. गेल्या आठवड्यात मी पुरातन अवंतीच्या भूमीवर आठही अंगांनी पडलो. हकीकत पुढे येईलच.)

आपल्या गुडघ्याचे वर्तमान अक्काच्या पत्रातून कळले. निरगुडीच्या पाल्याने शेकावे, असे मी मागेही लिहिले होते आणि आपण शेकले नसणार हेही मला ठाऊक आहे. वकिलाला सल्ला देण्याची सवय असते, घेण्याची नसते. अक्काचा दमा थंडीत कसा आहे? इकडे सर्व क्षेम. आम्ही घर न बदलता तिसऱ्या राज्यात राहायला आलो आहोत. जन्मलो शिंदे सरकारच्या अमलात, मग एका सकाळी उठलो तो मध्य भारतात, आणि आता गेल्या महिन्यापासून मध्य प्रदेशात. राजधानी आधी ग्वाल्हेरला होती, मग सहा महिने तिथे आणि सहा महिने इंदूरला अशी माहेर-सासर करीत होती, आता भोपाळला कायमची नांदायला गेली. अनसूया म्हणते, सरकारला एवढे सगळे हलवायचेच होते तर जाता जाता आपल्या स्वयंपाकघरावरची कौलेही हलवून नीट बसवली असती तर बिघडले असते का?

तर या हलवाहलवीतच माझे भाग्य उदयाला आले. बाहेरगावच्या बड्या पाहुण्यांना उज्जैन दाखवणारा जो सरकारी माणूस होता, तो कपाट, खुर्च्या आणि पाण्याचा माठ यांसह भोपाळला रवाना झाला. (माठ तरी ठेवायचा होता.) आणि तो जातो न जातो तोच मुंबईच्या एका सफर कंपनीची तार आली. विलायतेहून निघालेली एक मोठी बोट मुंबईला लागली आहे. सुएझचा कालवा बंद, म्हणून बिचारी सगळ्या आफ्रिकेला प्रदक्षिणा घालून आलेली. नुसते पाणी बघून बघून प्रवासी विटले आहेत, त्यांना काही प्राचीन अवशेष दाखवायचे आहेत, सबब चौदा जण स्वतंत्र डब्यातून सकाळी उज्जैनला पोचतील आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरतील, की दुसऱ्या दिवशी दुपारी बोट कोलंबोकडे हाकारली. तार या टेबलावरून त्या टेबलावर फिरली. शेवटी कुणीतरी म्हणाले, "अरे, वो मराठी मास्साब हैं ना, गणेशोत्सव में बोलते हैं? बिजली चली जाए तो भी बोलते रहते हैं." अशा रीतीने सरकारने योग्य माणूस निवडला. माझे इंग्रजी आपण जाणताच. ते ग्रंथातले आहे, त्यामुळे इंग्रजांना समजायला किंचित वेळ लागतो, पण एकदा समजले की टिकते.

सकाळी स्टेशनवर गेलो. टोपी, काळा कोट, वडिलांची चांदीच्या मुठीची काठी. मंडळी उतरली. त्यांत एक निवृत्त आरमारी अधिकारी होते, भरगच्च पांढऱ्या मिशांचे. काही जोडपी होती, गळ्यात कॅमेरे. आणि एक सत्तरीच्या उंच, काटकुळ्या विधवाबाई, मिसेस वेल्बी. कंपनीचा जो माणूस बरोबर आला होता, त्याला आदल्या रात्री रतलामच्या भज्यांनी गाठले होते. तो डब्यातूनच क्षीण आवाजात मला म्हणाला, "सगळे तुमच्या हवाली." मी म्हटले, निश्चिंत झोपा. तो झोपला.

मी फलाटावरच प्रास्ताविक सुरू केले. पहिल्या वाक्यातच मिसेस वेल्बींनी विचारले की, साधारण साठ वर्षांपूर्वी रेल्वेचे साहेबलोक उज्जैनला कुठे राहत असत? मी त्यांना सौम्यपणे समजावले, बाईसाहेब, साठ वर्षे म्हणजे आमच्याकडे परवा. आपण दोन हजार वर्षांपासून सुरुवात करू, वेळ उरला तर साठापर्यंत येऊ.

पहिली फेरी वेधशाळेची. तिथे सगळे फार झकास झाले. आरमारी गृहस्थांनी सूर्ययंत्रावरची सावली पाहिली, मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि जाहीर केले की, तुमचे यंत्र वीस मिनिटे मागे आहे. मी म्हटले, यंत्र बरोबर आहे, आपले घड्याळ चुकते. ते म्हणाले, हे घड्याळ ग्रीनिचशी लावलेले आहे. मी म्हटले, तिथेच चूक झाली; ग्रीनिचला लोक सूर्य उगवला की उठत, तेव्हा जगाचे रेखांश या गावातून मोजत होते. ते गृहस्थ आधी लाल झाले, मग जांभळे झाले, मग त्यांनी यंत्राभोवती एक पूर्ण चक्कर मारली आणि मला म्हणाले की, तुम्ही समुद्रावर फार लवकर बुडाला असता. मी आभार मानले. या सगळ्या वेळात मिसेस वेल्बी पलीकडे उभ्या राहून माझ्या खांद्यावरून रेल्वेचा रूळ दिसतो का ते पाहत होत्या. चिंचेचे झाड, असे काहीतरी त्या विचारत होत्या. मी त्यांना सम्राट यंत्राची पायरी दाखवली.

तिथून बस गढावर नेली. बस चालवणारा विष्णू आपल्या आळीतलाच. चढावर बस थांबली की तो तिला शिव्या न देता "चल बेटा, मेहमान हैं" म्हणतो. दाजी, आता गढ आपण पाहिला आहे. गढ म्हणजे उंच मातीचा ढिगारा, त्यावर हरभरा, दोनचार बोरी, मधूनमधून पुरातत्त्ववाल्यांनी खणलेले लांब चर. मंडळी उतरली, चारी दिशांना पाहिले आणि एक बाई म्हणाल्या, "अवशेष कुठे आहेत?" मी म्हटले, आपण उभ्या आहात तेच. त्यांनी दचकून पाय उचलला. या लोकांनी पूर्वी अथेन्स पाहिलेले, रोम पाहिलेले, तिथे म्हणे खांबच्या खांब उभे असतात. मी त्यांना स्पष्ट सांगितले की, तिकडचा इतिहास उभा असतो, आमचा आडवा आहे. निजलेल्या माणसाला कुणी ‘तू उभा का नाहीस’ असे विचारतो का? मग मी हात उभारून त्या हरभऱ्यात राजवाडा उभा केला, बाजारपेठ भरवली, तटाची भिंत बांधत बांधत पाठमोरा चालू लागलो, आणि तट पुरा होण्याआधीच एका चरात गेलो.

कुणीही घाबरले नाही, कारण मी बोलणे थांबवले नव्हते. खालूनच मी त्यांना समजावले की थर पाहायचे तर इथूनच पाहावेत: हा पुराच्या गाळाचा, हा जळक्या मातीचा, ही खापरे. मान वर करून बोलल्याने आवाजही छान घुमत होता. सगळ्या दिवसात माझे सर्वाधिक फोटो तिथेच निघाले. आरमारी गृहस्थांनी छत्रीची मूठ खाली सोडून मला बाहेर काढले आणि म्हणाले, "मी म्हटले नव्हते?"

पण खरे सांगायचे तर मंडळींचा जीव अजून खांबांसाठी तळमळत होता. गढावरून उतरताना त्यांना वस्तीच्या कडेला एक पडके बांधकाम दिसले. अर्धी भिंत, त्यात नुसती चौकट उभी, चौकटीतून निळे आकाश, कोपऱ्यात निंबाचे झाड. झाले! सगळे कॅमेरे तिकडे धावले. कुणी चौकटीत उभे राहिले, कुणी भिंतीला हात लावून डोळे मिटले. मी काही बोलण्यापूर्वी आतून एक बाई राखेच्या हातांनी बाहेर आली.

"कई देखो हो? बरसात में पड्यो म्हारो घर. फोटू खींचवा आया के भींत उठावा?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी भाषांतर केले की ही गृहिणी आपले स्वागत करते आणि इमारत चालू वर्षाची आहे असे सांगते. पण आवाजावरून मंडळींना स्वागत नीटसे पटले नाही, म्हणून मला उरलेले अर्धेही, म्हणजे घर यंदाच्या पावसात पडले, फोटो काढायला आलात की भिंत उचलायला, हे सांगावे लागले. त्यावर जे झाले ते मी आयुष्यात विसरणार नाही. आरमारी गृहस्थांनी कोट काढून झाडाला टांगला. म्हणाले, बोटीवर महिनाभर नुसते बसून आहोत. आणि खाली पडलेल्या तुळईची एक बाजू त्यांनी धरली, दुसरी विष्णूने, मधे ती फोटोवाली जोडपी, आणि ती बाई "हां, अब दायां! दायां, डोकरा, दायां!" असे आरमारी गृहस्थांना हुकूम देऊ लागली. त्यांनी तो हुकूम भाषांतराशिवाय मानला. तुळई चौकटीवर बसली. बाईने सगळ्यांना ओल्या हरभऱ्याच्या जुड्या वाटल्या. मी जुड्या देता देता माणसे मोजली, तर एक कमी. पुन्हा मोजली. मिसेस वेल्बी नाहीत.

दाजी, संकटाच्या वेळी माणसाचा कस लागतो. मी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही. (विष्णू म्हणतो की मी पांढरा पडलो होतो, पण ती चरातली माती असेल.) चरांवरच्या चौकीदाराला विचारले. तो विडी पेटवत म्हणाला, "वा डोकरी मेम? गोभी का गाड़ा में बैठी ने गई. रेल-रेल कई री थी." म्हणजे सगळे तुळईखाली असताना बाईसाहेब कोबीच्या बैलगाडीत बसून शहराकडे गेल्या! मी मंडळींना विष्णूच्या स्वाधीन केले, यांना भर्तृहरीची गुफा दाखव, घाट दाखव, जेवायला घाल, संध्याकाळी डब्यात बसव, आणि कंपनीच्या माणसाला सांग की मिसेस वेल्बी माझ्याबरोबर आहेत, मी त्यांना थेट स्टेशनवर आणतो. हे सांगताना त्या कुठे आहेत याची मला काडीची कल्पना नव्हती, पण निरोप द्यायचा तो खणखणीत द्यावा.

तांगा करून आधी स्टेशन गाठले. नाहीत. देवास गेटला आलो. तिथे चहाच्या टपरीवर सगळा इतिहास कळला. गोभीवाल्याने त्यांना तिथे उतरवले, माणसे जमली, बाई इंग्रजीत विचारतात आणि लोक हिंदीत उत्तरे देतात, असा प्रकार बराच वेळ चालला. शेवटी पंचायतीने निवाडा दिला: "अंग्रेजी है? मास्साब के घर ले चलो." आणि ज्या वेळी मी गावभर त्यांना शोधत होतो, त्या वेळी त्यांना तांग्यातून माझ्या दारात आणून सोडले होते.

मी घरी धावलो. दाराला कडी. ओसरीवर अर्धे सोललेले मटार. शेजारच्या उषाताई गच्चीवरून म्हणाल्या, "वहिनी मेमसाबला घेऊन गेल्या. पायीच. छत्री घेऊन."

अनसूयेचे इंग्रजी म्हणजे मी ओसरीत शिकवण्या घेतो तेव्हा फोडणी देता देता कानावर पडलेले. त्यातच मिसेस वेल्बींनी तिला जे सांगितले त्यातले चारच शब्द तिला कळले: भाऊ, लहान, ताप, रेल. मला सकाळपासून सगळीच वाक्ये कळत होती. ती उठली, छत्री घेतली आणि त्यांना कुठे न्यायचे हे तिला कुणाला विचारावे लागले नाही. मलाही मग ते सुचले. मालधक्क्याच्या मागे, रेल्वेच्या जुन्या पडक्या बंगल्यांपलीकडे, चिंचेखाली एक शेंदूर लावलेला उभा दगड आहे. ‘रेलवाले छोटे बाबा’. गुरुवारी बायका तिथे मुलांचा खोकला बरा व्हावा म्हणून गूळ ठेवतात. मी त्या वाटेने शेकडो वेळा गेलो असेन. फार तर साठसत्तर वर्षांचे काहीतरी, म्हणून कधी थांबलो नाही.

पोचलो तेव्हा मिसेस वेल्बी जमिनीवर बसल्या होत्या. टोपी काढून बाजूला ठेवली होती. शेजारी अनसूया, आणि दोनतीन बायका, त्यांतल्या एकीच्या मांडीवर धापा टाकणारे लेकरू. मिसेस वेल्बी आंधळ्या माणसासारखी बोटे त्या दगडावर फिरवीत होत्या. शेंदराचे थर इतके जाड की अक्षरे दिसत नव्हती, पण खाली लागत होती. "आर," त्या म्हणाल्या. "ओ. बी." आणि मग त्यांनी हात तिथेच ठेवला.

रॉबिन हा त्यांचा धाकटा भाऊ. वडील इथे रेल्वेच्या कामावर. पोर तीन वर्षांचे होऊन गेले आणि त्याच महिन्यात बदली झाली. आईला पुन्हा कधी इकडे येता आले नाही. ती मरताना या मुलीला म्हणाली होती, एकदा जाऊन बघून ये गं, तो एकटा आहे.

मला वाटले, आता आपली शोभा झाली. ख्रिस्ती पोराचे थडगे, त्याला शेंदूर, वर गुळावर मुंगळे. मी घाईघाईने इंग्रजीत क्षमा मागू लागलो, अडाणी लोक आहेत, दगड साफ करवून देतो, असे काहीबाही. त्यांनी मला हाताने थांबवले आणि विचारले, "या बायका त्याच्याकडे काय मागतात?" मी सांगितले, मुलांचा खोकला जावा म्हणून येतात. त्या दगडाकडे वळल्या. मग म्हणाल्या, "त्याला खोकलाच होता. रात्रभर." आणि अनसूयेने पुढे केलेला गुळाचा खडा त्यांनी घेतला आणि स्वतः दगडापुढे ठेवला. लेकराच्या आईने तो पुन्हा उचलून पोराच्या तोंडात घातला आणि मेमसाबच्या पायाला हात लावला.

तेवढ्यात अनसूया माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुम्हांला डांग्या खोकला झाला होता तेव्हा माईंनी तुम्हांला इथंच आणलं होतं. आपल्या माणिकच्या खोकल्याच्या वेळी त्यांनीच मला जागा दाखवली. तुम्हांला सांगितलं नाही, तुम्ही व्याख्यान दिलं असतंत."

मिसेस वेल्बींनी विचारले, त्या काय म्हणाल्या? त्या दिवसातले ते पहिले भाषांतर मी जसेच्या तसे केले. त्यांनी माझ्याकडे, माझ्या मातीने भरलेल्या कोटाकडे, वरपासून खालपर्यंत पाहिले. "मग तो तुम्हांला ओळखतो," त्या म्हणाल्या.

लोकदैवते कशी निर्माण होतात यावर माझ्याजवळ एक फार चांगले व्याख्यान तयार आहे. ते मी दिले नाही. (अक्काला विचारा, ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. माईने मला कडेवर घेऊन नेल्याचे तिला आठवत असेल, तर मला कळवावे.)

असो. संध्याकाळची गाडी अगदी वेळेवर सुटली. मंडळी बेहद्द खूश होती. डब्याच्या खिडक्यांतून कितीतरी वेळ हात हलत होते, आरमारी गृहस्थ तर दारात उभे राहून सलाम करीत गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट ठरल्या वेळी सुटल्याचेही कंपनीने तारेने कळवले. एकंदरीत, सरकारने भोपाळहून माणूस परत पाठवण्याचे काही कारण मला तरी दिसत नाही.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आपल्या गुडघ्याला निरगुडी.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
यज्ञेश्वर

ता. क. गाडी वेळेवर सुटली हे वर लिहिले ते अक्षरशः खरे आहे. तीत मिसेस वेल्बी होत्या असे मी कुठेही लिहिलेले नाही, हे आपल्या वकिली नजरेतून सुटले नसेलच. आम्ही तिघे तांग्यातून भरधाव निघालो होतो, पण रेल्वेचे फाटक लागलेले. ज्या गाडीसाठी आम्ही धावत होतो, ती जायची म्हणूनच ते लागले होते. मंडळींनी हात हलवले ते आम्हांलाच. निरोप द्यायला मुद्दाम फाटकापर्यंत आलो, असे त्यांना वाटले. कंपनीच्या माणसाने चौकशी केली नाही, कारण माझा निरोप फारच खणखणीत होता.

ता. क. दुसरा. आज आठवडा झाला, मिसेस वेल्बी आमच्या माजघरात आहेत. त्यांची कसलीही तक्रार नाही. रोज चिंचेखाली जाऊन येतात, अनसूयेकडून भाकरी थापायला शिकल्या आहेत (त्यांची भाकरी आफ्रिकेच्या आकाराची होते), आणि अनसूया त्यांच्याकडून इंग्रजी. त्यांना इथे राहू द्यावे असा कागद करायला कचेरीत गेलो, तर जुन्या शिक्क्याचे राज्य उरलेले नाही आणि नव्या राज्याचा शिक्का भोपाळहून यायचा आहे. तूर्त त्या कोणत्याच राज्यात नाहीत. पुढची बोट मुंबईहूनच मिळायची. ती तीन आठवड्यांनी आहे, म्हणजे होती; कालवा बंद असल्याने आता नक्की कुणीच सांगत नाही. तोवर त्यांना बंदराजवळ राहणे भाग आहे आणि हॉटेलात त्या जायला तयार नाहीत. दादरला आपली पुढची खोली गॅलरीसह रिकामीच असते. अनसूयाही सोबत राहील, म्हणजे अक्काला काही त्रास नाही. पत्र लिहिण्याचा मुख्य हेतू एवढाच.

ता. क. तिसरा. आपण नकार देणार नाही याची मला खात्री आहे. शिवाय हे पत्र आपल्या हाती पडेल त्या दिवशी त्या दोघी गाडीत असतील. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई सेंट्रलवर उतरून घ्यावे. मिसेस वेल्बींचे सगळे सामान बोटीबरोबर कोलंबोला गेले, त्यामुळे ओळखायला सोपे जाईल. हिरव्या नऊवारीतली उंच बाई दिसेल ती मिसेस वेल्बी, आणि तिच्या पुढे छत्री उगारून हमालाशी इंग्रजीत भांडणारी ती अनसूया.